कोरियन वेबटूनमधली मानसिक भयकथा आपल्याला घाबरवते ती कशी?

एका सधन, समाजात मान असलेल्या गृहस्थाच्या घरात त्याचा शाळकरी मुलगा राहतो. मुलगा प्रकृतीने नाजूक आहे, त्याचा एक डोळा कृत्रिम आहे आणि वर्गातल्या दांडगट मुलांच्या तावडीत तो रोज सापडतो. वडील त्याची काळजी घेतात, बाहेरच्या माणसांशी अदबीने बोलतात, हसतमुख असतात. हेच वडील एकामागून एक खून करत आले आहेत आणि मुलाला ते ठाऊक आहे. एवढेच नव्हे, तर त्या गुन्ह्यांत त्यालाही ओढले गेले आहे. 2014 ते 2016 या काळात प्रसिद्ध झालेल्या ‘बास्टर्ड’ या कोरियन वेबटूनची ही सुरुवातीची मांडणी. लेखक किम कार्नबी आणि चित्रकार ह्वांग यंग-चान यांनी खुनी कोण हे आरंभीच सांगून टाकले, रहस्यकथेचा हुकमी पत्ता पहिल्याच डावात खाली टाकला, आणि तरीही नव्वदहून अधिक भागांच्या या मालिकेतला ताण शेवटपर्यंत सैल पडत नाही.

हा ताण येतो कुठून, हे समजले की कोरियन मानसिक भयकथेचे बरेचसे मर्म हाती लागते. येथे प्रश्न ‘पुढे काय होणार’ एवढाच नसतो. ‘ज्याच्याजवळून उठून जाता येत नाही अशा माणसासोबत राहायचे कसे’ हा असतो. भुताचे घर सोडून पळता येते, पण बाप, खोलीशेजारचा भाडेकरू, गावचा मुखिया किंवा स्वतःचेच मन यांच्यापासून पळण्याची सोय नसते. या लेखात ज्या चित्रकथांचा विचार केला आहे, त्यांत हे कोंडलेपण कथेत आहेच. पण ते कथेच्या मांडणीतही आहे, म्हणजे मोबाइलच्या पडद्यावर ती चित्रे ज्या रीतीने आपल्यापुढे येतात त्या रीतीतही आहे. म्हणून आधी त्या रीतीविषयी.

अंगठ्याच्या टप्प्यावरची भीती

वेबटून म्हणजे संगणकावर किंवा मोबाइलवर वाचण्यासाठीच तयार केलेली, वरून खाली सरकत जाणारी चित्रकथा. 1997 च्या आर्थिक संकटानंतर दक्षिण कोरियातील छापील चित्रकथांचा बाजार खचत गेला, त्याच सुमारास घरोघरी वेगवान इंटरनेट पोहोचले, आणि दाउम या पोर्टलने 2003 मध्ये तर नेव्हरने 2004 मध्ये चित्रकथांसाठी स्वतंत्र विभाग उघडले. आरंभीची वर्षे वाचन संगणकावर होत असे. 2009 च्या अखेरीस आयफोन कोरियात आला आणि पाहता पाहता ही चित्रकथा खिशात जाऊन बसली. मालिकांचे भाग आठवड्यातील ठरलेल्या वारी येतात, आणि वाचक ते बसमध्ये, मेट्रोत, झोपण्यापूर्वी अंथरुणात वाचतो.

छापील पानावर डोळा आधी संपूर्ण पान टिपतो आणि मग एकेका चौकटीकडे वळतो. त्यामुळे भयकथेच्या चित्रकाराला धक्का लपवायचा असेल तर तो पान उलटल्यानंतरच्या बाजूला ठेवावा लागतो. दर दोन पानांनी एकदा त्याला ही संधी मिळते. मोबाइलच्या अरुंद पडद्यावर एका वेळी एक, फार तर दीड चौकट दिसते. बाकी सारे पडद्याच्या खालच्या कडेच्या पलीकडे असते. म्हणजे लपवण्याची जागा चित्रकाराला जवळजवळ प्रत्येक चौकटीपाशी मिळते. एखादी आकृती तो प्रथम पावलांपासून दाखवू शकतो, मग अंगठा थोडा सरकला की गुडघे, आणखी सरकला की लोंबणारे हात. चेहरा अजून खालीच असतो. तो पाहण्यासाठी वाचकाला स्वतः अंगठा हलवावा लागतो. पडद्यावर चालणाऱ्या चित्रपटात भयानक क्षण प्रेक्षकाच्या अंगावर येतो. वेबटूनमध्ये वाचक स्वतःहून त्याच्याकडे जातो, आणि थांबणे आपल्याच हाती असतानाही आपण थांबलो नाही याची एक बारीकशी टोचणी त्या भीतीत मिसळते.

दोन चौकटींमधली मोकळी जागा हे या माध्यमाचे दुसरे हत्यार. छापील पानावर ही जागा बोटभर असते, कारण कागद महाग असतो. वेबटूनमध्ये ती हवी तेवढी लांबवता येते. दार वाजते, पात्र दाराकडे वळते आणि त्यानंतर पडदाभर केवळ काळा रंग सरकत राहतो. त्या काळ्या पट्ट्याची लांबी म्हणजेच शांततेचा अवधी. पात्राच्या मनातले विचारही बहुधा फुग्यात न बसवता या काळ्या जागेत सुटे सोडलेले असतात, एकेक ओळ, मध्ये अंतर ठेवून; त्यामुळे वाचकाला ते कुणीतरी बोललेले वाटण्याऐवजी स्वतःच्या डोक्यात उमटल्यासारखे वाटतात. जिने, लिफ्ट आणि अरुंद बोळ या उभ्या जागा उभ्या चौकटीत विशेष खुलतात, आणि कोरियन शहरात त्यांना तोटा नाही.

या तंत्राचे सर्वांत गाजलेले उदाहरण मात्र काहीसे फसवे आहे. 2011 मध्ये होरांग या चित्रकाराने नेव्हरवर ‘बोंगचॉन-दोंगचे भूत’ ही छोटी कथा प्रसिद्ध केली. रात्री सोसायटीच्या आवारातून घरी निघालेल्या मुलीला विचित्र चालीने चालणारी एक बाई दिसते, आणि कथा वाचत आपण एका ठरावीक जागी पोहोचलो की पान आपोआप, झटक्यात सरकू लागते. ती बाई अंगावर येते. त्याच वर्षीच्या ‘ओक्सू स्टेशनचे भूत’ या कथेतही त्याने हीच युक्ती वापरली, आणि त्या कथेवरून 2023 मध्ये चित्रपटही निघाला. या दोन कथांनी जगभरच्या वाचकांच्या हातून मोबाइल पडले असतील यात शंका नाही. पण त्या एकदाच घाबरवतात. दुसऱ्या वाचनात युक्ती उघडी पडते आणि हसू येते. होरांगने वाचकाच्या हातून अंगठ्याची सत्ता काढून घेतली. त्याच्या पुढच्यामागच्या मानसिक भयकथाकारांनी ती सत्ता वाचकाकडेच ठेवली आणि त्यालाच अपराधात सामील करून घेतले. माझ्या मते दुसरी वाट अधिक अवघड आहे आणि तिचा परिणाम अधिक काळ टिकतो.

घर, शेजार आणि पातळ भिंत

दक्षिण कोरियातील निम्म्याहून अधिक कुटुंबे अपार्टमेंटमध्ये राहतात. एकसारख्या उंच इमारती, त्यांवर मोठ्या आकड्यांत रंगवलेले क्रमांक, किल्लीऐवजी आकडे दाबून उघडणारे कुलूप आणि वरच्या मजल्यावरच्या आवाजावरून होणारी भांडणे हा तिथल्या रोजच्या जगण्याचा भाग आहे. वेबटूनच्या आद्य लेखकांपैकी एक असलेल्या कांग फुल यांनी 2004 मध्येच हे हेरले. त्यांच्या ‘अपार्टमेंट’ या मालिकेत समोरच्या इमारतीतील अनेक घरांचे दिवे रोज रात्री नेमके एकाच वेळी मालवतात, एवढ्या एका निरीक्षणापासून भीती सुरू होते. तिथे अलौकिक अंश आहे; पण समोरच्या शेकडो खिडक्यांत राहणाऱ्या माणसांविषयी आपल्याला काहीही ठाऊक नाही, ही जाणीव त्याच्याही आधी येते.

युन ते-हो यांच्या ‘इक्की’, म्हणजे ‘शेवाळ’, या मालिकेने शहर सोडून खेड्याकडे मोर्चा वळवला. दुरावलेल्या वडिलांच्या निधनानंतर त्यांच्या गावी आलेला तरुण तिथेच राहायचे ठरवतो, आणि गावातील मोजक्या घरांतली माणसे त्याच्याकडे ज्या नजरेने पाहतात त्यातूनच सारे नाट्य उभे राहते. गावचा म्हातारा मुखिया आवाजही चढवत नाही. या मालिकेवर 2010 मध्ये कांग वू-सोक यांनी चित्रपट केला. भूत, राक्षस किंवा अलौकिक असे त्यात काहीच नाही. एखाद्या बंद समूहात नवा माणूस शिरला की तो समूह त्याला गिळतो कसा, याचे ते वर्णन आहे, आणि पुढे आलेल्या बऱ्याच वेबटूनची बीजे त्यात सापडतात.

या सगळ्यांचा कळस म्हणावा अशी मालिका म्हणजे किम योंग-की यांची ‘स्ट्रेंजर्स फ्रॉम हेल’. ती 2018 मध्ये नेव्हरवर सुरू झाली. तिच्या मूळ कोरियन नावात फ्रेंच लेखक सार्त्र यांच्या 1944 सालच्या नाटकातील, इतर माणसे म्हणजेच नरक या अर्थाच्या प्रसिद्ध वाक्याचा पडसाद आहे. कथा सांगायला साधी आहे. युन जोंग-ऊ हा तरुण नोकरीसाठी सोलला येतो. पैसे नाहीत, म्हणून तो एका जुनाट गोशिवॉनमध्ये खोली घेतो. शेजारी विक्षिप्त आहेत. हळूहळू त्याला वाटू लागते की हे लोक आपले काहीतरी बरेवाईट करणार आहेत.

गोशिवॉन म्हणजे काय हे नीट कळल्याशिवाय या कथेचा दाब कळत नाही. मूळची ही सोय सरकारी आणि न्यायखात्याच्या स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी होती. एमपीएससीच्या नादात पुण्याच्या पेठांत कॉट बेसिसवर वर्षे काढणाऱ्या मुलांची कल्पना केली तर त्या जगाच्या जवळपास जाता येईल. पुढे परीक्षार्थी कमी झाले आणि अनामत रकमेची ऐपत नसलेले मजूर, एकटे म्हातारे, नुकते नोकरीला लागलेले तरुण तिथे राहू लागले. खोली चार-पाच चौरस मीटरची. तीत एक पलंग, त्याच्या पायथ्याशी टेबल आणि वर एखादी फळी, एवढेच मावते. निजल्यावर पाय टेबलाखाली जातात. खिडकी असलेल्या खोलीचे भाडे जास्त, म्हणून पुष्कळांच्या वाट्याला खिडकीच येत नाही. भिंती म्हणजे पातळ पार्टिशन. स्वयंपाकघर सामाईक असते, आणि बऱ्याच ठिकाणी तिथे भात व किमची फुकट मिळते. नोव्हेंबर 2018 मध्ये, म्हणजे ही मालिका प्रसिद्ध होत असतानाच, सोलच्या जोंगनो भागातील एका गोशिवॉनला पहाटे आग लागली आणि 7 जण मृत्युमुखी पडले. अशा निवाऱ्यांमधली अरुंद वाट आणि बाहेर पडण्याची अडचण हा विषय त्या वेळी देशभर चर्चिला गेला. वाचकांना या कथेतला कॉरिडॉर कल्पनेने उभा करावा लागत नव्हता.

किम योंग-की या खोलीचा उपयोग फार बारकाईने करतात. आरंभीच्या भागांत जोंग-ऊला जे त्रास होतात ते तक्रार करण्याजोगेही नाहीत. शेजारी दार किलकिले ठेवून बसतो. एक माणूस विनाकारण खिदळतो. घरमालकीण जरा जास्तच आपुलकीने खायला देते. रात्री भिंतीपलीकडे कुजबुज ऐकू येते, ती आपल्याविषयीच असावी असे वाटते आणि नीट ऐकू गेले तर थांबते. यातल्या कोणत्याही एका गोष्टीसाठी पोलिसांकडे गेले तर हसे होईल. जोंग-ऊ मैत्रिणीला सांगतो, ओळखीच्या माणसांना सांगतो. त्यांना ते किरकिरे वाटते, दमलेल्या माणसाचे मनाचे खेळ वाटतात. आणि येथेच लेखक वाचकाला पेचात टाकतो, कारण जोंग-ऊ खरोखरच दमलेला, चिडका आणि संशयी होत चालला आहे हे आपल्यालाही दिसत असते. ऑफिसमध्ये तो सहकाऱ्याशी जसा वागतो, मनातल्या मनात ज्या तऱ्हेचे हिंसक विचार करतो, ते पाहून शेजाऱ्यांपेक्षा यालाच घाबरावे काय, असे वाटू लागते.

चित्रेही त्याला साथ देतात. रंग मळकट, पिवळट. चेहरे किंचित जास्त जवळून काढलेले. डोळ्यांची बुबुळे लहान आणि पांढरा भाग मोठा. कॉरिडॉर एकाच कोनातून पुन्हा पुन्हा दाखवला जातो, त्यामुळे दोन्ही बाजूंच्या दारांपैकी एखादे बोटभर उघडे असले तरी ते लगेच ध्यानात येते. मोबाइलची उभी पट्टी आणि गोशिवॉनचा कॉरिडॉर यांचा आकार एकच आहे. वाचक बोटाने खाली सरकत नसतो, त्या दारांसमोरून चालत असतो.

कुणाच्या डोळ्यांनी पाहतो आहोत?

मानसिक भयकथेचा खरा आधार म्हणजे निवेदक, आणि तोही असा की ज्याच्यावर पुरता विश्वास टाकता येत नाही. साहित्यात ही युक्ती जुनी आहे. चित्रकथेत मात्र तिला एक वेगळी धार येते, कारण शब्दांत लिहिलेले आपण ‘तो म्हणतो’ असे समजून घेतो, पण चित्र दिसले की ते खरेच घडले असे मानतो. शब्द निवेदकाचे, चित्र लेखकाचे, अशी आपली नकळत समजूत असते. वेबटूनकार ही समजूत मोडतात. काही चौकटींत आपण पात्राबाहेर उभे असतो, काहींत त्याच्या डोळ्यांच्या आत, आणि एकीतून दुसरीत कधी गेलो याची खूण मुद्दाम दिलेली नसते.

‘बास्टर्ड’मधला मुलगा, सॉन जिन, खोटे बोलत नाही, तो घाबरतो, आणि घाबरलेल्या मुलाला बाप जसा दिसेल तसा तो आपल्याला दिसतो. जेवणाच्या टेबलावरचा साधा संवाद घ्या. वडील अभ्यासाविषयी विचारतात, मुलगा उत्तर देतो. शब्दांत काहीच नाही. पण चित्रात वडिलांचे डोळे सावलीत जातात, आणि मुलगा त्यांच्या आवाजातील प्रत्येक बारीक चढउतार मोजत बसलेला आहे हे त्याच्या सुट्या ओळींतून कळत राहते. वर्गात नव्याने आलेली मुलगी, युन क्युन, बापाच्या नजरेत भरते तेव्हा जिनपुढे जो पर्याय उभा राहतो, तो पराक्रमाचा नाही. बापाला विरोध करायचा तर आजवर आपण गप्प राहिलो हे कबूल करावे लागेल, आणि त्या गप्प राहण्यात केवढा भाग भीतीचा होता व केवढा प्रेमाचा, हे त्याचे त्यालाच सांगता येत नाही. ज्याला अत्याचारी घरात वाढलेल्या मुलांविषयी काही ठाऊक आहे त्याला हे खरे वाटेल: मार देणाऱ्याची मर्जी ओळखण्यात अशी मुले विलक्षण तरबेज होतात, आणि तेच त्यांचे जगण्याचे साधन असते.

किम कार्नबी आणि ह्वांग यंग-चान याच जोडीने पुढे ‘स्वीट होम’ (2017 ते 2020) केले. तिथे माणसांचे राक्षस होतात, पण बाहेरून आलेल्या रोगाने नव्हे. ज्याची जी अनावर वासना, तिच्या आकाराचा राक्षस. कुटुंब गमावलेला, आत्महत्येचा दिवस ठरवून बसलेला एक मुलगा या राक्षसांपासून शेजाऱ्यांना वाचवू लागतो. 2020 च्या डिसेंबरात नेटफ्लिक्सवर आलेल्या मालिकेमुळे आपल्याकडे हे नाव पुष्कळांच्या कानी गेले. मात्र मालिकेत राक्षसांची झुंज ठळक आहे, तर चित्रकथेत मुलाच्या डोक्यातला आवाज. ओ सॉंग-दे यांच्या ‘गिगीग्वेग्वे’ या लघुकथांच्या मालिकेतली सौंदर्यजलाची कथाही याच जातीची: ते पाणी लावले की मांस मातीसारखे मऊ होते आणि चेहरा हवा तसा घडवता येतो. सौंदर्यशस्त्रक्रिया जिथे सर्रास होते आणि दिसण्यावरून नोकरी ठरते असे उघड बोलले जाते, त्या देशात ही कथा कल्पित वाटत नाही. 2020 मध्ये तिच्यावर अॅनिमेशनपट निघाला.

अत्याचाराचे चित्र आणि त्याची गोडी

ज्या कथेचे नाव निघाल्यावाचून या विषयाची चर्चा पुरी होत नाही, ती कूगी यांची ‘किलिंग स्टॉकिंग’. 2016 ते 2019 या काळात लेझिन या व्यासपीठावर ती प्रसिद्ध झाली आणि ती केवळ प्रौढांसाठी आहे. युन बुम हा एकाकी, खंगलेला तरुण ओ सांग-ऊ या देखण्या, लोकप्रिय तरुणाच्या वेडाने त्याचा पाठलाग करतो, दाराच्या कुलपाचे आकडे जुळवून त्याच्या घरात शिरतो, आणि तळघरात त्याला बांधून ठेवलेली एक बाई आढळते. सांग-ऊ घरी परततो. त्यानंतर बुम स्वतःच त्या घरातला कैदी होतो, आणि त्याचे पाय मोडले जातात.

येथे वाचकाला निर्दोष बळी मिळत नाही. बुमने केलेला पाठलाग आणि घरफोडी हा गुन्हाच आहे, आणि लेखिका आपल्याला आधी त्या गुन्ह्यात त्याच्या बाजूने ओढते. मग कैदेचे वर्णन सुरू होते, आणि ते मानसशास्त्राच्या दृष्टीने नेमके आहे. सांग-ऊ सतत क्रूर नसतो. कधी तो खाऊ घालतो, कधी मायेने बोलतो, आणि यातले काय केव्हा मिळेल याचा भरवसा नसतो. शिक्षा आणि कृपा यांची अशी अनिश्चित सरमिसळ झाली की कैदी सुटकेची वाट पाहण्याऐवजी पुढच्या कृपेची वाट पाहू लागतो. 1973 मध्ये स्टॉकहोममधील एका बँकेत दरोडेखोरांनी सहा दिवस ओलीस ठेवलेल्या चौघांना पोलिसांपेक्षा दरोडेखोरच जवळचे वाटू लागले, तेव्हापासून या अवस्थेला त्या शहराचे नाव चिकटले. मानसोपचाराच्या अधिकृत निदानांच्या यादीत हे नाव नाही. पण जबरदस्तीच्या नात्यांत अडकलेल्या माणसांचे वर्तन समजून घेताना तो प्रसंग अजून सांगितला जातो.

या कथेवर वाद झाला तो हिंसेमुळे जितका, तितकाच तिच्या वाचनामुळे. पुरुषांमधल्या प्रेमकथांच्या शैलीत ती रेखाटलेली असल्याने आणि सांग-ऊ देखणा असल्याने काही वाचकांनी तिला प्रेमकथाच मानले. इतरांनी त्यावर कडाडून टीका केली. लेखिकेने अत्याचाराला प्रेम म्हटलेले नाही, हे कथा नीट वाचणाऱ्याला कळते. तरीही देखणेपणाचा हा वापर अगदी निरागस आहे असे मला वाटत नाही. बुमला सांग-ऊचे जे आकर्षण वाटते तेच काही क्षण वाचकाला वाटावे, अशी चित्रांची योजना आहे. वाचक त्यातून बाहेर येईल अशी खात्री लेखिकेने धरली, आणि सगळे वाचक बाहेर आले नाहीत. लहान वयात ही कथा वाचू नये हे म्हणणे सोवळेपणाचे नाही. वय मोठे असूनही ज्यांनी असे नाते सोसले आहे त्यांनी ती विचारपूर्वकच उघडावी.

मनाई आणि मोकळीक यांची ओढाताण कोरियाला नवी नाही. 1997 च्या किशोर संरक्षण कायद्याने छापील चित्रकथांवर बंधने आली. 2012 च्या आरंभी एका वृत्तपत्राने शाळेतल्या हिंसेचे खापर वेबटूनवर फोडले, आणि त्यानंतर प्रसारण-संचार विचारविमर्श आयोगाने 23 वेबटूनना किशोरांसाठी घातक ठरवण्याची पूर्वसूचना काढली. चित्रकार रस्त्यावर उतरले आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये आयोग व चित्रकारांची संघटना यांच्यात स्वनियमनाचा करार झाला. 2015 च्या मार्चमध्ये याच आयोगाने अश्लीलतेच्या कारणावरून लेझिनचे संकेतस्थळच बंद पाडले आणि गहजब होताच तो निर्णय लगोलग मागे घेतला. आज तिथे सर्वांसाठी, 12, 15 आणि 18 अशी वयोगटांची प्रतवारी लावली जाते. पालकांनी पाहायचे ते एवढेच की ही प्रतवारी अधिकृत व्यासपीठावर लागू असते. चोरून भाषांतर केलेल्या पानांवर ती नसते, आणि या कथा कोरियाबाहेरच्या पुष्कळ वाचकांपर्यंत तशाच मार्गाने पोहोचतात.

पडद्यावर येताना काय बदलते

आपल्याकडच्या बहुतेकांची या कथांशी पहिली गाठ ओटीटीवरच्या मालिकांतून पडते, म्हणून त्या दोहोंतला फरक ध्यानात घेतलेला बरा. लेखक यॉन सांग-हो आणि चित्रकार चोई ग्यु-सोक यांचे ‘हेलबाउंड’ हे वेबटून 2021 मध्ये मालिका होऊन नेटफ्लिक्सवर आले. मरणाची वेळ आधीच सांगणारे दूत, त्या मरणाचा अर्थ लावून माणसांवर सत्ता गाजवणारा पंथ आणि त्या पंथाच्या नावाने मोबाइलवरून लोकांना उचकवणारी टोळी, हा त्यातला आशय दोन्हीकडे सारखाच आहे, कारण त्यातली भीती एका मनातली नसून जमावातली आहे. जमाव कॅमेऱ्यात पकडता येतो.

‘स्ट्रेंजर्स फ्रॉम हेल’चे तसे नाही. 2019 मध्ये ओसीएन वाहिनीसाठी दिग्दर्शक ली चांग-ही यांनी तिच्यावर दहा भागांची मालिका केली आणि मूळ कथेत नसलेले एक पात्र घातले: ली दोंग-वूक यांनी रंगवलेला सो मुन-जो हा सभ्य, हळू आवाजात बोलणारा दंतवैद्य. वेबटूनचे वाचक ज्या शेजाऱ्याला मुख्य खलनायक धरून बसले होते, त्याचा काटा मालिकेने आरंभीच्याच भागांत काढला आणि जाणत्यांनाही चकवले. बदल हुशारीचा आहे, आणि त्यामागे गरजही आहे. चलतचित्र स्वतःच्या गतीने पुढे जाते. काळ्या पट्टीवर वाचकाला ताटकळत ठेवण्याची सोय त्यात नसते, म्हणून भीतीला बोलका चेहरा द्यावा लागतो. जोंग-ऊच्या बाबतीतही मालिका अधिक स्पष्ट आहे. इम शी-वान यांच्या जोंग-ऊला सैन्यातील एका हिंसक प्रसंगाच्या आठवणी दिल्या आहेत आणि दंतवैद्य त्याला वारंवार सांगतो की तू माझ्यासारखाच आहेस. वेबटूनमध्ये त्याच्या आतली ही हिंसा आधीपासून होती की त्या खोलीने ती घडवली, हे वाचकाला कॉरिडॉरमधून जाता-येता स्वतःच ठरवत बसावे लागते. मालिकेने तो प्रश्न दंतवैद्याच्या तोंडी दिला आणि त्याचे उत्तरही बरेचसे त्याच्याच हाती सोपवले.